डब्यातला गूळ

पेज करावी तर मीच, असं मला फार वर्षं वाटत होतं. बारीक चिनोर तांदूळ चारदा धुवायचा, भरपूर पाण्यात शिजवायचा, शीत बोटाला लागेनासं होईपर्यंत शिजवायचा, मग रवीने घुसळून फडक्यातून गाळून घ्यायचा. वरून मिठाची चिमूट. आमच्या धानाच्या मुलखात माणूस आडवा पडला की त्याला पेज देतात. ताप आला की पेज, बाळंतिणीला पेज, घरात कोणी गेलं आणि मागच्यांच्या तोंडात घास फिरायला लागला की पेजच. ओळखीत कोणी आजारी पडलं की मी पेजेचा डबा घेऊन जायचे, आणि डबा रिकामा परत आला की माझी मान ताठ व्हायची. पेज पिऊन कोणाचं वाईट झाल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं.

मी तेव्हा आरमोरीला शाळेत होते. पाचवी ते सातवीला विज्ञान शिकवायचे. गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, कचेऱ्यांवरच्या पाट्यांचा रंगही ओला होता. नवऱ्याची नोकरी जंगलात, तो महिन्यातले वीस दिवस बाहेर. घरात मी आणि माझं तोंड. माझ्या तोंडाला लागायची हिंमत शाळेत कोणी करत नसे, आणि मला त्याचा अभिमानही होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

माय आणि मावशी, दोघी बहिणी, दोघीही विधवा, धानोऱ्याच्या पुढे एका खेड्यात एकत्र राहायच्या. थोडं धान, थोडं कोदो हे गरिबाचं भरड धान्य, उन्हाळ्यात मोहफुलं वेचणं आणि तेंदूपत्ता तोडणं. घरामागे धान सडायची ढेकी होती. एकीने पायाने दांडा दाबायचा, दुसरीने उखळातलं धान हाताने सारायचं, मग जागा बदलायच्या. तो तांदूळ जाड, लालसर, अर्धा कोंडा अंगाला तसाच. शिजायला वेळ लागायचा आणि चावायलाही. त्यावर अंबाडीची भाजी नाहीतर बरबटीची, म्हणजे चवळीची उसळ, आणि जवसाची चटणी. महिन्यातले निम्मे दिवस तर कोदोच.

नोकरी लागली त्या दिवसापासून मला ते कोदो डोळ्यांसमोर नको होतं. धम्मदीक्षा घेण्याआधी माय गावातल्या मोठ्या घरचं शिळंपाकं पदरात घेऊन यायची, हे मी तिच्याच तोंडून ऐकलं होतं. दीक्षा घेतली आणि तिने ते बंद केलं. दुसऱ्याच्या घरचं उरलेलं पुन्हा उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही, त्यापायी कोदोवर दिवस काढले. म्हणून मला वाटायचं की तिचं आता सोनं व्हावं. तिच्या ताटात पांढराशुभ्र, बारीक, मऊ भात असावा, आणि तो मी वाढावा. ती हसायची. म्हणायची, "तुह्या भाताले चावाच नाई लागत वं बाई. जेवल्यासारखंच नाई वाटत."

तेंदूच्या हंगामात छाटलेल्या झुडपाचा एक खुंट तिच्या तळव्यात घुसला. तिला कळलंच नाही. सायंकाळी पाय धुताना पाणी लाल झालं तेव्हा मावशीने पाहिलं. हळद भरली, चिंधी बांधली, दोघी दुसऱ्या दिवशी पुन्हा जंगलात. तीन आठवड्यांनी मावशी तिला एसटीने माझ्याकडे घेऊन आली तेव्हा चिंधीला वास येत होता.

मी तिला नदीपलीकडे ब्रह्मपुरीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी जखम पाहिली, लघवी तपासली, आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, साखर फार आहे. साखर उतरली तर पाय राहील. नाही उतरली तर पाय काढावा लागेल. गोळ्या मी देतो, पण अर्धं काम तुमच्या चुलीवर आहे." मग आत येऊन त्यांनी मायला विचारलं, "आजी, रोज काय काय खाता?"

माय सरळपणाने सांगू लागली, "आमचं का राह्यते साहेब, कोदोचा..."

मी तिला पुढे बोलूच दिलं नाही. "वरण, भात, पोळी, भाजी, डॉक्टरसाहेब. सगळ्यांसारखंच," मी म्हणाले. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. त्या खोलीत त्या दिवशी कोदोचं नाव निघणं मला सहन होणार नव्हतं. डॉक्टरांनी मान हलवली आणि एक छापील कागद हातात दिला. साखर, गूळ, मध, आंबा, केळी, बटाटा बंद. भात कमी. त्यांना जे सांगितलं गेलं त्यावर त्यांनी दिलेला सल्ला काही चुकीचा नव्हता.

घरी आल्याबरोबर साखरेचा डबा शेजारी दिला. गुळाची ढेपही दिली. फळीवरचा गुळाचा उंच पत्र्याचा डबा घासूनपुसून मी त्यात मुरमुरे भरले. काळा चहा मीही प्यायला लागले. कागद स्वयंपाकघराच्या भिंतीला खिळ्याने ठोकला.

भात कमी म्हणजे कमीच. ताटात एक मूद, त्यावर वरणाचं पाणी, बस. पण पोट तर भरलं पाहिजे. जखम भरायला अंगात ताकद हवी. म्हणून सकाळी पेज, चार वाजता पेज, झोपायच्या आधी पेज. मूठभर तांदूळ आणि तांब्याभर पाणी, त्यात असतं काय? मधल्या वेळेला मुरमुरे, ते तर नुसते फुगलेले, आत हवाच असते. मुरमुऱ्यांत फुटाणे मिसळलेले असायचे, ते मी निवडून काढायचे, तिच्या दातांना त्रास नको म्हणून. मावशी येताना लाखोळीची डाळ घेऊन आली होती, ती मी परत पाठवली. लाखोळी खाऊन पाय जातात, असं आम्ही वर्गात शिकवत होतो.

रोज सकाळी शाळेत जाण्याआधी मी तपासणी करायचे. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब, आणि चिमट्याने धरून स्पिरिटच्या दिव्यावर उकळी आणायची. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा झाला तर थोडी. मग पिवळा, मग नारिंगी, आणि शेवटी विटकरी. माय खाटेवर बसून नळीकडे बघत असायची. तिला रंगांचा अर्थ पहिल्याच दिवशी समजला होता.

पहिल्या दिवशी विटकरी. गोळ्या सुरू झाल्यावर आठ दिवसांनी नारिंगी. मग पुन्हा विटकरी. पुढच्या आठवड्यात विटकरी. मी गोळ्या मोजल्या, बरोबर होत्या. कागद वाचला, कागदाबाहेरचं काही ताटात नव्हतं. मग राहिलं काय? मी विज्ञानाची बाई. नळी खोटं बोलत नाही, एवढं मला ठाऊक होतं. म्हणजे खोटं बोलत होती ती माय.

"कुठून खातेस गोड? खरं सांग."

"मी नाई खात वं."

"शेजारीण देते?"

"कोनी नाई देत."

तिचं अंथरूण झटकलं. गाठोडं सोडलं. एकदा पदराच्या गाठीत काहीतरी लागलं तेव्हा मला वाटलं, सापडली. सोडून पाहिलं तर मूठभर फुटाणे. मावशीने जाताना दिलेले. "हेच, हेच खाऊन तू माझा जीव घेणार आहेस," म्हणत मी ते अंगणात कोंबड्यांना टाकले. माय कोंबड्यांकडे बघत राहिली. मग एवढंच म्हणाली, "मले काऊन चोर म्हणून राह्यली बाई तू?"

पावसाळ्यात मला दहा दिवस चंद्रपूरला प्रशिक्षणाला जावं लागलं. टाळता येत नव्हतं. मी मावशीला निरोप धाडला, ती येऊन मायला खेड्यावर घेऊन गेली. जखम कशी धुवायची, पट्टी कशी बांधायची, गोळ्या केव्हा द्यायच्या, हे मी तिला तीनदा समजावलं. ती म्हणाली, "होईन मास्तरीणबाई, होईन. तू शाळा शिकून ये."

परतल्यावर मी थेट खेड्यावर गेले. पिशवीत नळी, दिवा आणि निळं औषध होतंच. ढेकीशेजारच्या ओट्यावर बसून मी तपासलं. रंग हिरवा आला. मी पुन्हा तपासलं. हिरवाच. पट्टी सोडली तर जखमेच्या कडेला गुलाबी कातडी धरायला लागली होती. मला रडू आलं. माय नळीकडे बघून लहान मुलीसारखी हसली.

"काय दिलंस तिला?" मी मावशीला विचारलं.

"का देईन? कोदो, बरबटी, अंबाडी. एक दिवस लाखोळीचं वरन. दुसरं का राह्यते आमच्या घरी?" मग हात पुसत म्हणाली, "राहू दे ना वं तिले इथीच. बरी होऊन राह्यली ते."

उत्तर माझ्यासमोर हिरव्या रंगात उभं होतं, मावशी ते तोंडाने सांगत होती, आणि मी त्याचा अर्थ काय लावला? मावशीच्या घरात साखरच नाही, म्हणून मायला चोरता आली नाही. एवढा सोपा हिशेब. वर्गात पोरींनी असा निष्कर्ष काढला असता तर मी त्यांना बाकावर उभं केलं असतं.

"इथे ना डॉक्टर, ना पावसात एसटीचा भरवसा," मी म्हणाले. "आणि कोदो खाऊ घालून मारता काय तिला? माझी माय भिकारीण नाही."

मायने मुकाट्याने गाठोडं बांधलं. निघताना ती ढेकीच्या दांड्यावर हात ठेवून थोडा वेळ उभी राहिली. मावशी म्हणाली, "लवकर ये. ढेकीले दोन बाया लागते."

मी तिला आणलं आणि लाड सुरू केले. बिचारी दहा दिवस कोदो चावत होती, म्हणून पेज आणखी दाट. पंधरा दिवसांत नळी विटकरी झाली. गुलाबी कड फिकट पडली, मग ओली झाली, मग करंगळी काळी पडायला लागली. डॉक्टर म्हणाले की आता नागपूरला मोठ्या दवाखान्यात न्या, तिथे ठरवतील. काय ठरवतील ते मला कळत होतं.

नागपूरला निघायच्या आदल्या दुपारची गोष्ट आहे. रविवार होता. मी मायला पेज दिली, तिने वाटी संपवली, आणि मी तिच्यासमोर पाटावर बसले. मला उत्तर हवंच होतं. पाय जाणार होता आणि तो कोणामुळे जातोय हे मला कळायला हवं होतं. त्या वेळी मला तिच्या पायापेक्षा तेच जास्त हवं होतं का, असा प्रश्न मी स्वतःला पुढे कितीतरी वेळा विचारला आहे.

माय रोज सकाळी तोंड धुतलं की बुद्धाच्या तसबिरीसमोर हात जोडून त्रिशरण पंचशील म्हणायची. तिला वाचता येत नव्हतं. दीक्षेनंतर विहारात बसून तिने ते ऐकून ऐकून पाठ केलं होतं, आणि तिचा त्यात एक शब्द चुकत नसे. मी त्यालाच हात घातला.

"पंचशील म्हणतेस ना रोज? चोरी करणार नाही म्हणतेस, खोटं बोलणार नाही म्हणतेस. मग तसबिरीकडे बघ आणि सांग. मी इतकं केलं तुझं. रात्रंदिवस केलं. माझ्या करण्यात काय कमी पडलं ते तरी सांग."

माझा आवाज फाटला असावा. ती तसबिरीकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मग हात पुढे करून माझ्या डोक्यावरून फिरवला.

"तुह्यात काई कमी नाई पडलं बाई," ती म्हणाली. "खाल्ला मी गूळ. त्या वरच्या डब्यातला. तू शाळेत गेली का खात होती. मीच हावरी. तू नको रडू."

आणि मला हलकं वाटलं. हे लिहिताना हात थांबतो, पण तेच खरं आहे. माझं काही चुकलं नव्हतं. मी तिला जवळ घेतलं, माफ केल्यासारखं जवळ घेतलं, आणि तिच्या बॅगेत कपडे भरायला उठले.

नागपूरला गुडघ्याखाली पाय काढला. त्यानंतर ती दीड वर्ष माझ्याकडे होती. मावशी एकदोनदा येऊन गेली. ढेकी तिने बंद केली होती, धान गिरणीवर नेत होती. माय खाटेवर बसून पेज प्यायची, वाटी चाटूनपुसून ठेवायची, आणि कोणी आलं की सांगायची, "माह्या पोरीनं लय केलं माह्यासाठी." पंचशील म्हणताना मात्र ती आता मध्येच अडायची. मला वाटायचं, दम लागतो. आजाराने आठवण जाते, असंही डॉक्टरांनी सांगितलं होतं. एका सकाळी हात जोडायच्या आधीच ती गेली.

त्यानंतर काही वर्षांनी शाळेत शिक्षकांसाठी आरोग्य शिबीर झालं. नागपूरहून एक तरुण आहारतज्ज्ञ आली होती. माझी लेक शोभली असती. टेबलावर तिने स्टीलच्या वाट्या मांडल्या होत्या. म्हणाली, गोड लागतं त्यातच साखर असते असं नाही. खाल्लेलं रक्तात साखर होऊन किती घाईने उतरतं, ते बघायचं. त्या घाईचं माप काढायला संशोधक आता शिकले आहेत, त्याला ग्लायसेमिक इंडेक्स म्हणतात. मग ती एकेक वाटी उचलू लागली. मुरमुरे, घाईचे. बारीक पांढऱ्या तांदळाचा मऊ भात, घाईचा. इकडे फुटाणे, बरबटी, अख्खी डाळ, पालेभाज्या, सावकाश. कोंड्यासकट हातसडीचा तांदूळ, बेताने खाल्ला तर बरा. "आणि तुमच्या भागातलं हे," म्हणत तिने शेवटची वाटी उचलली. "हे तर लोक विसरायला लागलेत."

वाटीत कोदो होतं.

मी हात वर केला. "पेज?" मी विचारलं.

"कुणाला, शुगरच्या पेशंटला?" ती म्हणाली. "शिजवून, घोटून, गाळून चावायचं काही ठेवलंच नाही, तर ती पोटात गेल्याबरोबर साखर होते. त्यांना पेज नकोच, बाई."

शिबीर संपल्यावर मी तिला गाठलं आणि काय काय दिलं होतं ते सगळं सांगितलं. कोणाला दिलं ते मात्र सांगितलं नाही. ती भली पोर होती. म्हणाली की पाय जायला कारणं पुष्कळ असतात, नुसत्या जेवणाने तो वाचलाच असता असं कोणी सांगू शकत नाही. मी मान हलवली. मावशीच्या ओट्यावर नळीत दिसलेलं ते हिरवं पाणी मी तिला दाखवू शकत नव्हते.

घरी आले आणि स्वयंपाकघरात उभी राहिले. फळीवर तो डबा होता. मी खाली काढला. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. इतकी वर्षं रोज डोळ्यांसमोर असून लक्षात आलं नव्हतं. ज्या डब्यातला गूळ खाल्ला म्हणून माय म्हणाली, त्या डब्यात गूळ नव्हताच. ढेप मी पहिल्याच दिवशी शेजारी दिली होती. मायला ते माहीत नव्हतं. खाटेवरून तिला डब्याचा फक्त वरचा भाग दिसायचा. आत मुरमुरे होते, आणि ते मीच तिला वाटी भरभरून देत होते.

मी तो डबा मांडीवर घेऊन बसले आणि मला तिच्या त्या दीड वर्षातल्या सकाळी एकेक करून आठवायला लागल्या. तिने हात जोडलेले, आवाज बारीक. पहिलं शील, मग दुसरं, चोरी न करण्याचं. त्याला ती कधीच अडखळली नाही, अगदी शेवटच्या आठवड्यातही नाही. तिसरंही सरळ. अडायची ती चौथ्याला, खोटं न बोलण्याच्या. तिथे आली की तिचे ओठ हलायचे आणि आवाज निघायचा नाही. आणि मी चुलीपाशी पेज घोटता घोटता, वर्गातल्या विसराळू पोरीला सांगावा तसा, तिला पुढचा शब्द सांगायचे.